वर्षखाऊ

“झाड वर्ष चुकवत नाही. जोडणारीनं चुकवलंय!”

दाराआड थोरल्या साहेबांचा आवाज असा चढला, की बाहेर पाणी घेऊन निघालेल्या बाईचा हात बादलीच्या कडीवर तसाच राहिला. जोडणारी म्हणजे तीच. दुसरं कोण?

“सर, त्या वर्षी पाऊसच नव्हता,” आतून साहेबांची विद्यार्थिनी म्हणाली. “उपाशी झाड एखाद्या वर्षी कडं धरतच नाही.”

“उपाशी! झाड म्हणजे काय तुमच्या वसतिगृहातली पोर?”

तशी ती पोरगी हळूच म्हणाली, “हो सर. जोडतानाच कडं पडलं असेल.”

झालं. दोन शिकलेल्या माणसांचं एकमत झालं, तिथं चौथी नापास बाईला कोण विचारतो?

सरकारी प्रयोगशाळेतलं तिचं काम ऐकायला सोपं होतं. साहेबांची माणसं डोंगरावर जायची, जुन्या पाइनच्या बुंध्यात गिरमीट फिरवायची आणि पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढून आणायची. तिच्यात वर्षाचं एक कडं. भरल्या पावसाचं रुंद, दुष्काळाचं केसासारखं. ती कांडी बाई लाकडी पट्टीच्या खोबणीत सरसानं बसवायची, पॉलिश पेपरनं आरशासारखी घासायची आणि दर दहा कड्यांना सुईनं एक ठिपका टोचायची. त्यावरून साहेब सांगायचे, चारशे वर्षांपूर्वी पाऊस कधी पडला आणि वणवा कधी लागला. तिला मोठी गंमत वाटायची. घरात नवरा सकाळी काय बोलला ते संध्याकाळी कबूल करत नाही, आणि झाड बघा, चारशे वर्षांचं सगळं जपून ठेवतं!

सगळ्यांत म्हाताऱ्या पाइनची कांडी वाटेतच तीन ठिकाणी मोडली होती. ती तिनं जोडली. शेजारच्या झाडांशी ताडून पाहिलं, तर एक वर्ष कमी. आणि एक बटण चुकीच्या काजात गेलं की पुढची सगळी चुकतात, तसे मागचे सगळे दुष्काळ एकेक वर्षानं सरकले.

त्या संध्याकाळी तिनं केराची सुपली जमिनीवर उपडी केली आणि एकेक कस्पट निवडलं. दिवेलागणीपर्यंत. शेवटी एक बारीक कपचा मिळाला. तो तळहातावर ठेवून ती साहेबांपुढं उभी राहिली.

साहेबांनी भिंग लावलं. “बाई, ही दातकोरणी आहे.”

सगळी खोली हसली. शिपायानं तिथल्या तिथं बारसं उरकलं, वर्षखाऊ! जोडकाम तिच्याकडून गेलं, नुसतं घासणं राहिलं. नोकरीत कायम करा म्हणून दिलेला अर्ज एका शब्दाचा शेरा घेऊन परत आला, ‘निष्काळजी’. पुढं बावीस वर्षं तिनं लाकडाचा भुसा नाकातोंडात घेतला आणि खोकत घरी गेली.

घरी सासू बसलेलीच असायची. बाईच्या लग्नाच्या वर्षी विहिरीचा तळ दिसला होता. तेव्हापासून सासूच्या लेखी ती पांढऱ्या पायाची. शेऱ्याचं कळल्यावर म्हातारी म्हणाली, “आमचा पाऊस खाल्लास, आता सरकारचं वर्ष खाल्लंस. पोट आहे की रांजण गं?” नवरा हसला. तीसुद्धा हसली. रडून घरात कोणी ताट वाढून दिलं असतं थोडंच?

पण आत एक कुसळ टोचत राहिलं होतं. पडलं असेल का खरंच? आपल्याच हातून?

साहेब निवृत्त झाले, वारले. ती विद्यार्थिनी मॅडम झाली, मग सगळ्यांची मुख्य. आणि गेल्या साली वादळात तो म्हातारा पाइन उन्मळून पडला. त्याची परातीएवढी चकती आली. कामाच्या शेवटच्या आठवड्यात ती घासायला बाईच्याच पुढ्यात पडली.

शेवटच्या दिवशी सकाळी तिनं सर्वांत बारीक पेपर फिरवला, फुंकर मारली आणि सवयीनं सालीकडून आत ठिपके टोचत निघाली. दहा, दहा, दहा. मग आठवं कडं. ते केसाएवढं उमटलं होतं, बोटभर चाललं आणि शेजारच्या कड्यात विझून गेलं. बाकी सगळ्या चकतीभर ते नव्हतंच. दुसऱ्या कुठल्याही बाजूनं गिरमीट घातलं असतं, तर ब्रह्मदेवालाही वर्ष सापडलं नसतं.

तिनं पुन्हा मोजलं. अडतीस. लग्नाला अडतीसच झाली होती. म्हणजे एकाच कोरड्या वर्षाचं खापर तिच्या एकट्या डोक्यावर दोनदा फुटलं होतं.

चकती छातीशी धरून ती मॅडमच्या खोलीत गेली. “मॅडम, बघा. मी पाडलं नव्हतं. झाडानंच धरलं नव्हतं!”

मॅडमनं कागदावरची मान अर्धीच उचलली. “माहीत आहे, मावशी.”

“आत्ता कळलं?”

“तेव्हाच. त्याच झाडाची दुसरी कांडी माझ्या खणात होती, न मोडलेली. तिच्यातही ते वर्ष नव्हतं. पण माझ्या प्रबंधावर सरांची सही राहिली होती ना.”

“आणि मग पुढं? साहेब गेल्यावर?”

“मग विषयच निघाला नाही.” मॅडमनं घड्याळ पाहिलं. “आता कशाला उकरायचं? आजचाच तर दिवस आहे तुमचा.”

“तो शेरा तेवढा खोडाल?”

“फाइल बंद झाली, मावशी. असं करा, ही चकती वरच्या दालनात नेऊन ठेवा. बाराला पाहुणे यायचेत. आणि डाग पडू देऊ नका.”

बाईनं चकती पुन्हा छातीशी धरली. मग “बरं” म्हणाली.

जिन्यात शिपाई भेटला. “सांभाळून हं, वर्षखाऊ! जाता जाता आणखी एक खाशील.”

“पोट भरलंय रे,” ती म्हणाली.

वरच्या दालनात चौरंग मांडून ठेवला होता. त्यावर मॅडमच्या नावाची पाटी. हरवलेल्या वर्षाचा शोध त्यांनीच लावला, असं लिहिलं होतं. बाईनं अक्षर लावून लावून ते पुरतं वाचलं. मग चकती न घासलेली बाजू भिंतीकडं करून बसवली, ते विझलेलं कडं उजेडात येईल अशी फिरवली, कोरड्या फडक्यानं पुसली, उरलेल्या भुशावर फुंकर मारली आणि खोकत खोकत खाली जाऊन घासायच्या खोलीची किल्ली खिळ्याला अडकवली.