थोरल्या आईचं नाव

घरात किस्से साठतात ते फडताळात पिशव्या साठतात तसे. कुणी मुद्दाम ठेवत नाही आणि टाकायला गेलं तर हात होत नाही. आमच्या वाघोलीच्या घरात सगळ्यांत मोठा साठा थोरल्या आईचा. थोरली आई म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची, पणजी. इंग्रजांच्या अमदानीत ती इथे सून म्हणून आली, आणि नवऱ्याच्या बरोबरीने माळ फोडून तिने शेत केलं. त्याच शेतावर आता बारा मजली टॉवर चढत होता. मी पलीकडे खराडीला आयटी कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायची नोकरी करत होतो.

जमीन देताना आप्पांनी बिल्डरला एक अट घातली होती, बिल्डिंगला थोरल्या आईचं नाव द्यायचं. बिल्डरने मात्र ब्रोशरवर ‘ऑर्किड सव्हाना’ छापून आणलं.

आप्पा म्हणाले, "हितं हरभरा व्हायचा. तुमचं ऑर्किड कुठनं उगवलं?"

"काका, तुम्ही म्हणाल ते नाव लावू. दसऱ्याला पाटी चढवायचीय. बोला, काय नाव त्यांचं?"

आप्पांनी तोंड उघडलं. मिटलं. माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आईने चहाचे कप उचलले आणि ती आत गेली.

"थोरली आई," आप्पा म्हणाले.

"अहो काका, फ्लॅट अमेरिकेतली माणसं घेतायत. थोरली आई हाइट्स?"

दसऱ्यापर्यंत नाव मिळालं नाही, तर ऑर्किड. आप्पांची झोपच उडाली. शेत गेलं हे त्यांनी केव्हाच मनाला समजावलं होतं, पण जिने ते केलं तिचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही, हे त्यांना फार लागलं. मग दर रविवारी भाऊबंद आमच्याकडे जमायला लागले. नाव कुणालाच सांगता येईना, किस्से मात्र सगळ्यांना तोंडपाठ!

* * *

थोरल्या आईचं आणि तिच्या नवऱ्याचं एकदा कडाक्याचं वाजलं. कशावरून, यावर आमच्यात अजून दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते मिठावरून, दुसरी म्हणते माहेरच्यांवरून. दोघांनी अबोला धरला. एकमेकांना नावाने हाक मारायची पद्धत तेव्हा नव्हतीच, त्यामुळे अबोला पाळणं सोपं गेलं. बोलायचं ते गोठ्यातल्या ढवळ्या बैलाशी.

"ढवळ्या, सांग तुझ्या धन्याला, भाकरी झाल्यात."

"ढवळ्या, सांग तिला, कालच्या कालवणात मीठ नव्हतं."

अशी बरीच वर्षं सुखात गेली. मग ढवळ्या म्हातारा होऊन मेला आणि घरात चिडीचूप झालं. शेवटी नवरा बाजारात जाऊन एक बैल घेऊन आला. शेतीला गरज नव्हती. थोरल्या आईने त्याला ओवाळलं आणि म्हणाली, "आलास बाबा एकदाचा. सांग त्यांस्नी, लई बोलायचं ऱ्हायलंय."

यावर सगळे हसले, मी हसलो नाही. आमच्या ऑफिसात मॅनेजर आणि टीम लीड एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांच्याही मेल मला येतात.

* * *

थोरली आई बैलगाडीत भाजी घालून पुण्याला मंडईत जायची. तिथे एकदा एक पगडीवाले गृहस्थ मेथीची जुडी उलटीपालटी करत राहिले. वास घेतला, पानं मोजल्यासारखी पाहिली, देठ मोडून बघितला.

"कडू तर नाही ना निघणार?"

"गोड पायजे आसंल तर त्या कोपऱ्यावर ऊस हाय," थोरली आई म्हणाली.

गृहस्थांनी दोन जुड्या घेतल्या. पुण्यात असं बोलल्याशिवाय माल चांगला आहे याची खात्री पटत नाही, हे तिने तेव्हाच ओळखलं होतं.

* * *

बाळूकाका हे आप्पांचे चुलतभाऊ. त्यांच्याकडे थोरल्या आईच्या शौर्याची कथा होती. गोठ्यात लांडगा शिरला आणि तिने जात्याचा खुंटा फेकून त्याला पळवलं. पुढच्या रविवारी त्या लांडग्याचा बिबट्या झाला. त्याच्या पुढच्या रविवारी बिबट्याची जोडी आली. काका आता वाघावर जाणार एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"मांजर व्हतं. दुधाला तोंड लावत व्हतं. पाय चेपताना त्यांनीच सांगितलं मला."

ही जिजी. आप्पांची चुलती, ऐंशीच्या पुढची. दर रविवारी कोपऱ्यात बसून लसूण सोलायची. बाळूकाकांनी चहा घेतला आणि ते पुन्हा बिबट्यावर आले.

माझी बायको ज्योत्स्ना अकोल्याची, शिवाय माझ्यासारखीच चुका शोधणारी, टेस्टिंगमधली. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ज्यांनी त्यांचे पाय चेपले, त्यांनाच तुम्ही नाव काहून नाही विचारलं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. जिजी लसूण सोलते, एवढंच आम्हाला दिसत होतं. मला लाज वाटली.

* * *

"म्हाईत हाय की," जिजी म्हणाली.

आप्पा खुर्चीतून उठलेच. "मग सांग ना."

"कसं सांगू? आजेसासू हाय माजी. त्यांचं नाव मी तोंडानं घिऊ?"

सगळ्यांनी हातापाया पडून पाहिलं. जिजीने तोंड घट्ट मिटून घेतलं. दसरा दोन दिवसांवर, बिल्डरचे फोनवर फोन. शेवटी ज्योत्स्ना तिच्यापुढे मांडी घालून बसली. "जिजी, बोलू नका. नुसतं करून दाखवा. आम्ही ओळखतो."

जिजीने विचार केला. करून दाखवायला मनाई असल्याचं कुणी सांगितलेलं नव्हतं. ती उठली, टोपल्यातली भाकरी घेतली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली.

"भाकराबाई!" बाळूकाका ओरडले.

जिजीने नाही म्हणून मान हलवली.

"छत्री?" "हेल्मेट?" "डिश अँटेना?"

जिजीने कपाळाला हात लावला. मग भाकरीचा एका बाजूने घास तोडून तोंडात टाकला आणि भाकरी परत वर धरली. आणखी एक घास तोडला, परत वर. भाकरीची कोर राहिली तेव्हा ज्योत्स्ना ताडकन उठली. "चंद्र! चंद्राबाई!"

जिजीने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि हळूच मान डोलावली. आप्पा खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले. आम्हालाही रडू आलं, आणि जिजीच्या तोंडात अजून भाकरी होती म्हणून हसूही आलं.

* * *

दसऱ्याला पाटी चढली, ‘चंद्राबाई हाइट्स’. यथावकाश आम्ही सगळे तिथे राहायला गेलो. तोवर आजूबाजूला तसलेच टॉवर उगवले.

एकदा जिजी लेकीकडे वारज्याला गेली होती. परत येताना जावयाने तिला रिक्षात बसवून दिलं आणि रिक्षावाल्याला वाघोली सांगितलं. पुढचं मला रिक्षावाल्यानेच गेटवर ऐकवलं.

वाघोलीत आल्यावर त्याने विचारलं, "आजी, बिल्डिंग कुठली?"

जिजीने नुसतं पुढे बोट दाखवलं.

"अहो, नाव तरी सांगा. इथं सगळ्या सारख्याच दिसतात."

जिजीने पिशवी सोडली, लेकीने दिलेली भाकरी काढली आणि डोक्यावर धरली.

"मला भूक नाही आजी."

जिजीने घास तोडला आणि भाकरी पुन्हा वर धरली.

"सावकाश जेवा," रिक्षावाला म्हणाला. "मीटर चालूच आहे."

रिक्षा गल्लोगल्ली फिरत राहिली, मागे भाकरी संपत आली. शेवटी आमच्या गेटसमोर जिजीने त्याच्या खांद्यावर थाप मारली. मी तेव्हाच ऑफिसातून येत होतो. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून वरची पाटी मोठ्याने वाचली. "चंद्राबाई हाइट्स. एवढंच सांगायचं होतं ना आजी? चंद्राबाई!"

जिजीने चपला काढून हातात घेतल्या, पदर डोक्यावर ओढला आणि पाटीकडे न बघता त्याला दटावलं.

"हळू बोला की. त्यांस्नी ऐकू जाईल."