सूट मिळते म्हणून लावलेलं नाव

सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरल्या शिरल्या मी बेसिनचा नळ सोडला. थेंब नाही. सोलापूरकराला त्यात नवल कसलं? उलट मीच तिथल्या विक्रीवाल्या मुलीची समजूत घातली, "असू दे, आमच्याकडंही आज पाण्याचा दिवस नाही."

"सर, हा नळ नुसता बसवलाय. मागं पाइपच नाही."

बायको खिडकीकडं तोंड करून हसली.

तेव्हा आम्ही घरं बघत हिंडत होतो. घरांचा मी जाणकार. ऑफिसात कुणाला घर घ्यायचं झालं, की मी न विचारता सगळं सांगतो. गेटवाल्या सोसायटीत वॉचमन, लिफ्ट, बाग सगळं मिळतं, पण दरमहा मेंटेनन्स भरा आणि पापड कुठं वाळवायचे ते कमिटीला विचारा. रो-हाउसला आपलं दार, आपलं अंगण. फक्त शेजारणीचा मिक्सर आपल्या भिंतीत फिरतो. प्लॉट घेणार असाल तर आधी एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का बघा, नाहीतर जन्मभर तारेचं कुंपण बघत बसाल. हे सगळं ज्ञान मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहून वाटत आलो.

विजापूर रोडच्या पुढचं, त्याच बिल्डरचं एक रो-हाउस बायकोला आवडलं. सुरुवातीची रक्कम तिचीच होती. मोहोळकडची तिच्या वाटणीची जमीन विकून आलेली. तिनं त्या मुलीला एकच विचारलं, "माझं एकटीचं नाव लावता येतं की?"

"लावा की, मॅडम. एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत सवलतपण आहे."

बायकोनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत नीट बसून घेतलं.

नेमका तेव्हाच माझ्यातला जाणकार जागा झाला. "हे बघ, हप्ते माझ्या पगारातून जाणार. मालकीत माझं नाव नसेल तर व्याजावरची इन्कम टॅक्सची सूट मला मिळत नाही. तुझी सवलत एकदाच, ही सूट दरवर्षी."

"मग खाली लावा तुमचं."

"कर्ज मी काढतोय. वर माझंच बरं दिसतं."

तिनं पिशवी परत मांडीवर घेतली. दोघांची नावं लागली, त्यामुळं बाईची सवलत गेली. व्याजात वसूल होईल, असं मी रिक्षात तिला दोनदा सांगितलं.

जानेवारीत ऑफिसनं टॅक्सचे कागद मागितले. बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट मिरवत मी अकाउंट्सच्या मॅडमकडं गेलो.

"सर, तुम्ही नवी करपद्धत घेतलीय. तिच्यात राहत्या घराच्या व्याजाला सूट नसते."

"मग जुनी करा."

त्यांनी दोन्ही हिशेब मांडून दाखवले. सूट धरूनही जुनीत कर जास्तच जात होता. नवी घ्या म्हणून अख्ख्या ऑफिसच्या मागं मीच लागलो होतो. या मॅडमच्यासुद्धा. त्या सभ्य, म्हणून त्यांनी सर्टिफिकेट नुसतं परत दिलं.

माझं नाव काढता येईल का, हे बँकेत विचारून आलो. कर्ज फिटल्याशिवाय नाही म्हणाले. ते फिटेल तेव्हा मी रिटायर झालेलो असेन. तोवर नाव तसंच वर बसून राहणार, बिनकामाचं आणि ऐटीत. नावाला तरी का बोल लावू? मालकावर गेलंय.

घरी आलो तेव्हा ती ओट्याशी भाकरी थापत होती. नेहमीसारखा विनोद करत करत मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"परवा दादाचा फोन आला होता," ती म्हणाली. "जमीन तुझी गेली, मग तुझं नाव खाली का गं, म्हणत होता. मी सांगितलं, ह्यांचं नाव असलं की टॅक्स वाचतो. त्याला पटलं. आता वाचत नाही, हे तेवढं त्याला सांगू नका."