आईच्या कढीपत्त्यावरचा कोळी

दुसऱ्याला नावं ठेवण्यात आमचं घर पहिल्यापासून हुशार. मी फक्त त्याचा पगार घेते, असं आई म्हणते. मी ठाण्यात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात अजून नाव नसलेले कोळी शोधते. जाळं विणणारे नव्हेत, उड्या मारून भक्ष्य पकडणारे, तांदळाच्या दाण्याएवढे.

बाबा गेल्यापासून आई शहाडच्या घरात एकटीच असते. माझ्याकडे बाळकुमला ये म्हटलं की तिला आमच्या टॉवरमध्ये गरगरतं. रोज फोनवर ती गॅलरीतल्या कढीपत्त्यावर राहणाऱ्या एका कोळ्याचं कौतुक सांगायची. त्याला ती भाडेकरू म्हणे. "अगं, मी बोलले की वळून बघतो तरी. तुम्ही मोबाइलमधून डोकं काढत नाही." हे कोळी माणसाकडे खरंच वळून बघतात, त्यामुळे मला वाद घालता येईना.

एका रविवारी शहाडला जाऊन मी त्याला भिंगातून पाहिलं आणि चहा तसाच निवला. पाठीवरचा पट्टा, तोंडापुढच्या इवल्याशा हातांची ठेवण, काहीच ओळखीच्या जातीशी जुळेना. जात नवी असेल तर तिला नाव देता येतं. पण आमच्या शास्त्रात नाव हवेत देत नाहीत, त्यासाठी एक देह लागतो. तो स्पिरिटमध्ये बुडवून, चिठ्ठी लावून संग्रहालयात ठेवायचा. पुढे कुणालाही शंका आली, की त्याच देहाशी ताडून बघायचं.

"नेणार ना त्याला?" मटार सोलता सोलता आईने विचारलं.

स्पिरिटची बाटली माझ्या पिशवीतच होती. पण या घरात आईचं ऐकणारं एवढंच उरलेलं, आणि तेच मी उचलून नेऊ? मला माझ्या धंद्याचा राग आला. "नाव गेलं खड्ड्यात," मी म्हणाले. "राहू दे त्याला."

मारल्यावर त्याचं काय करतात, ते आईने खोदून खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे ह्यांच्यासारखंच," ती म्हणाली.

बाबांनी देहदान केलं होतं. गाडी आली, सह्या झाल्या, आणि नंतर कुठे जाऊन हात जोडायचे, अशी जागाच आईला उरली नाही. हे ती कधी बोलली नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं.

"ह्याला नंतर बघायला देतात का गं?"

"हो. कुणी मागितलं तर दाखवावंच लागतं."

"मलापण?"

"तुलापण."

तिने मटारचं ताट बाजूला सारलं आणि कढीपत्त्यापाशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ त्याच्याशी काहीतरी हळू बोलत होती. मग न वळताच तिने हात मागे केला.

"आण ती बाटली. तुला तो घाबरेल. मी धरते."