सतरा नंबरचा सांधा

चौसाळ्याला हायवेच्या कडेला दस्तगीरची वेल्डिंगची टपरी आहे. अर्धं आयुष्य त्याने पाण्याचे टँकर सांधण्यात घालवलं. टँकरमधून रस्त्यात थेंब गळला, तर तो कुणाच्या तरी घागरीतून चोरला गेला, एवढंच त्याचं गणित.

सहा वर्षांपूर्वी घाटनांदूरच्या अभिमन्यूने त्याला कोकणात नेलं. अभिमन्यू आधी उसाला तोडणीवाल्यांच्या टोळ्या न्यायचा, पुढे जहाजांच्या कारखान्याला वेल्डर पुरवू लागला. तिथे लहान गस्ती नौका बनत. त्या मित्रदेशांना द्यायच्या. त्यांनी आपापले किनारे त्यांवरून राखायचे. दस्तगीरने तोवर समुद्र पाहिला नव्हता. पहिल्याच महिन्यात त्याने टँकर तपासायच्या सवयीने नळी लावून नौकेचा एक कप्पा काठोकाठ पाण्याने भरला. सगळं यार्ड हसलं. "बीडवाल्या, बोट पाण्यात सोडतात रे, पाणी बोटीत नाही!" तो बाहेरून पत्रा निरखत राहिला. दुसऱ्या कुणीतरी सांधलेल्या कडेवर तीन ठिकाणी ओल आली, तेव्हा हसणं थांबलं. त्याला सतरा नंबर मिळाला. तिथे प्रत्येक वेल्डर सांध्याशेजारी आपला नंबर ठोकतो. पुढे काही झालं तर जाब कुणाला विचारायचा, ते लोखंडच सांगतं.

यंदा पुतणीच्या लग्नाला तो पंधरा दिवस गावी आला होता. तिकडून मुस्तकीमने, त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या वेल्डरने, मोबाइलवर फोटो पाठवला. एका नौकेच्या तळाचा नवा सांधा. शेजारी आकडा: सतरा.

दस्तगीर डावखुरा. सांध्यावर वितळलेल्या धातूची जी खवलं उमटतात, ती त्याची इतरांच्या उलट्या दिशेला पडतात. फोटोतली खवलं उजव्या हाताची होती. मध्ये वीतभर तर खवलंच नव्हती. भोकं पुट्टीने बुजवून वरून घासली होती. त्याने तो फोटो बायकोला, नसीमला, तीनदा दाखवला, आणि तिन्ही वेळा त्याचा आवाज चढत गेला.

फोटो आल्यावर चौथ्या दिवशी अभिमन्यू कागद घेऊन टपरीवर हजर.

"दस्तगीरभाई, एक सही पायजे. तळाचा सांधा तुमीच मारला म्हनून."

"मी तवा हितं बिर्याणीच्या देगीपाशी हुतो. तूबी जेवून गेलास की."

"ठाव हाय. पन परवा बोट घ्याया त्या देशाचे सायब येनार, बँड वाजनार. सतरा नंबर दिसला की तपासणीवाला वाकूनसुदिक बगत न्हाई. तुमचं नावच तसं हाय."

"म्हंजी माज्या नावानं भोकं बुजवली तुमी?"

"लई ताणू नका. ती बोट काय आपल्या दारात येनार हाय? लांब जानार, त्यांच्या दर्यात."

दस्तगीरने हातातला वेल्डिंगचा चिमटा खाली आपटला. त्याला आठवलं, मागे यार्डात त्या देशाचा एक खलाशी नौका पाहायला आला होता. भाषा कळत नव्हती. म्हशीच्या पाठीवर मारावी तशी त्याने तळाच्या पत्र्यावर थाप मारली, दस्तगीरकडे पाहिलं आणि हसला. भरवसा दाखवायची याहून वेगळी रीत कुठल्या भाषेत असते?

"टँकरबी लांबच जायचा! कदी इचारलं का मी, कुन्या गावाला चाललाय?"

"वैनी, समजवा यांना," अभिमन्यू डबा घेऊन आलेल्या नसीमकडे वळला.

"च्या पायजे तर देते, भाऊ. सहीचं म्हनाल, तर ज्यानं पुट्टी भरली त्याचा अंगठा घ्या."

दस्तगीरने अभिमन्यूच्या देखतच कारखान्यातल्या तपासणी साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सायब, सतरा नंबर बोलतो. तळाच्या सांध्यावर माजा नंबर खोटा ठोकलाय. पुट्टी खरवडा, दिसंल."

पलीकडून साहेबांनी आवाज खाली आणला.

"परवा समारंभ आहे, माहीत आहे ना?"

"म्हनून तर आज फोन केला."

"मग तुमचे सगळेच सांधे पुन्हा तपासावे लागतील. सहा वर्षांचे."

"तपासा. एकूनएक तपासा!"

अभिमन्यूने कागदाची घडी केली. "आता ह्या जल्मात तुला यार्डाचं फाटक दिसायचं न्हाई बे."

दहा दिवसांनी मुस्तकीमचा फोन आला. तो सांधा समारंभाआधीच पोखरून काढला होता. पुट्टीखाली करंगळी जाईल एवढी पोकळी निघाली. नवा सांधा मुस्तकीमने मारला, नंबरही त्याचाच पडला. यार्डात उभ्या नौकांवरचे दस्तगीरचे जुने सगळे सांधे पक्के निघाले, तरी फाटकावरच्या यादीतून त्याचं नाव खोडलं होतं.

"अन् अभिमन्यू?"

"समारंभाला पयल्या रांगेत खुर्ची हुती त्याला, उस्ताद."

समोर नांदूरघाटच्या सुंदररावांची ट्रॉली तुटक्या कडेने उभी होती. दस्तगीरने पहिला टाका मारला, तो वाकडा पडला; त्याने तो घासून काढला आणि चिमटा खाली ठेवला. हात बसेपर्यंत त्याने सुंदररावांना दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं.