वजा केलेले आकडे

ग्राफच्या कागदाचं मला तेव्हा भारी कौतुक होतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात, लाकूडखरेदीच्या विभागात मी कारकून होतो. देशभरात दरसाल किती लाकूड निघतं, किती बाहेरून येतं, किती बाहेर जातं, याचा आलेख साहेबांना हवा होता. फाळणीच्या आधीची काही वर्षं आणि नंतरची. मुंबईला चार खेपा घालून मी जुने सरकारी अहवाल मिळवले. कसरीने खाल्लेले, पण होते.

आलेख काढला, तर रेघ फाळणीच्या सालाला धाडकन खाली आली.

साहेब म्हणाले, "जंगलं काय एका वर्षात संपली? जे प्रांत गेले, ते आधीच्या वर्षांतूनही काढा. मगच तुलना होईल."

बरोबरच होतं त्यांचं. मला आजही त्यात चूक सापडत नाही, आणि त्याचाच राग येतो.

या कामाला दोघं लागतात. एकाने आकडा वाचायचा, दुसऱ्याने वजा करायचा. वाचायला मी आमच्या टपाल विभागातल्या एका म्हाताऱ्या सिंधी कारकुनांना बसवलं. ते उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये, निर्वासितांच्या बराकीत राहायचे. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला पुट म्हणायचे, म्हणजे मुलगा. बदलापूरहून मी डब्यात तांदळाची भाकरी आणायचो, त्यातली अर्धी रोज त्यांची.

पंजाब झाला, बंगाल झाला. सिंधचा तक्ता आला, आणि दादा पान न उलटताच पुढचे आकडे सांगू लागले.

"पाठ आहेत तुम्हाला?"

"पुट, ये तक्ता मैंने बनाया था. जंगल खात्यात होतो ना मी. नदीकाठची बाभूळ. ज्या साली पानी जास्त चढलं, त्याच्यानंतर जंगल चांगला." मग म्हणाले, "लिख. काट."

मी तिथेच थांबायला हवं होतं. दुसऱ्या कुणालाही बसवता आलं असतं. पण संध्याकाळपर्यंत आलेख साहेबांच्या टेबलावर ठेवून मला शाबासकी घ्यायची होती. मी काटत गेलो.

रेघ सरळ झाली. शाबासकीही मिळाली. वजा केलेल्या आकड्यांचा कागद मी टोपलीत टाकत होतो, तो दादांनी मागून घेतला. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी पुढे केली, तर म्हणाले, "आज भूक नाही." ती भूक त्यांना पुन्हा कधी लागली नाही. माफी मागायचं मी रोज ठरवायचो आणि रोज उद्यावर ढकलायचो.

चार वर्षांनी ते गेले. त्यांच्या बायकोला भेटायला बराकीत गेलो, तेव्हा भिंतीवर ग्राफचा कागद दिसला. त्यावर एकट्या सिंधच्या लाकडाची रेघ होती. फाळणीपर्यंत शाईने, आणि पुढे, दर वर्षाचा एकेक ठिपका, पेन्सिलीने.

"तिकडच्या लोकांना चिठ्ठी लिहायचे," बाई म्हणाल्या. "नदीला पानी किती आलं, विचारायचे. फिर अंदाज से बिंदी लगाते थे." मग कोनाड्यातली पेन्सिल काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "या सालची राहिली. तू जानता है ना ये काम."

मी कागदासमोर उभा राहिलो. ठिपका कुठे द्यायचा ते सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि चार वर्षं रोज समोर दिसत असताना मी त्यांना त्या नदीबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.