कडी न लावलेलं दार

माझा मित्र नावाजलेला गीतकार झाला, याचा मला आनंद झाला नाही. आधीच कबूल करतो. पुण्यात कॉलेजच्या बँडसाठी आम्ही दोघं गाणी लिहायचो आणि त्यातली बरी माझी असायची, असं माझं आजही मत आहे. नेदरलँड्समधल्या वाखनिंगनला दोघंही बटाट्याच्या रोगांवर संशोधन करायला आलो. मी बटाट्यातच राहिलो. तो मात्र ते सोडून अमेरिकन कंट्री आणि रॉक गायकांसाठी गाणी लिहू लागला, आणि ती एकामागून एक गाजली.

लॉकडाउनमध्ये आम्ही एकाच घरात अडकलो. वायफाय नीट चालायचं फक्त स्वयंपाकघरात. दुपारी चारला, तिकडे अमेरिकेत सकाळ झाली की तो लॅपटॉप उघडून सहलेखकांबरोबर बसायचा. मी त्याच टेबलावर माझे तक्ते भरायचो आणि जळायचो. त्याची यमकं भिकार असायची, तरी पडद्यावरचे लोक माना डोलवायचे.

त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. गाणं होताना जो खोलीत असेल त्याचं नाव बरोबरीनं लागतं, मग तो एकच शब्द का बोललेला असेना.

एकदा ते तासभर अडले होते. गाण्यातला मुलगा परदेशात अडकलाय, आई वाट बघतेय. आईच्या तोंडी ओळ सुचेना. मी कांदा चिरत होतो. यांना एवढंही जमत नाही म्हणून चिडून मी इंग्रजीत म्हणालो, "दार नुसतं लोटलंय, कडी लावलेली नाही." माझी आई फोन ठेवताना रोज हेच म्हणायची. पलीकडे कुणीतरी ती ओळ पुन्हा म्हणून पाहिली. मग गिटार वाजू लागली.

कॉल संपल्यावर त्यानं विचारलं, "तुझं नाव कसं लिहू? पूर्ण?"

"उपकार नकोत."

"उपकार कसले? नियमच आहे. तू खोलीत होतास."

"मी कांदा चिरत होतो."

त्याच्या नावाखाली माझं नाव मला सोसलं नसतं. त्यानं आणखी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

गाणं इतकं गाजलं की सुपरमार्केटातही लागायचं. मी मास्कच्या आत दात खात दूध घ्यायचो.

एका रविवारी आईचा फोन आला. भाच्यानं तिला ते गाणं ऐकवून अर्थ सांगितला होता.

"किती जीव ओतून लिहिलंय रे त्यानं," ती म्हणाली. "त्याची आईही माझ्यासारखंच म्हणत असणार. तू हल्ली काही लिहीत नाहीस का?"

"वेळ मिळत नाही," मी म्हणालो.

फोन ठेवताना ती सवयीनं दाराचं म्हणाली आणि स्वतःच हसली. "बघ, आता हे म्हणताना त्याचंच गाणं म्हणतेय असं वाटतं."