वेशीपुढे सॅक्सोफोन वाजला तेव्हा

लग्न होऊन मी धनजहून कारंज्याला आले तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरत आलं होतं. नवरा वायरमन. दोन खोल्यांत सासू-सासरे, दीर, नणंदा. नवऱ्याशी बोलायचं ते पाण्याचा तांब्या देता-घेता, तेही हळू आवाजात. लग्नाच्या मांडवानंतर आम्ही कुठं शेजारी बसल्याचं मला आठवत नाही.

त्या उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम आमच्या वस्तीनं जुन्या दगडी वेशीपुढच्या मोकळ्या जागेत ठेवला. वंदना झाली, भाषणं झाली. मग नवऱ्याचा चुलतभाऊ उठला. तो नागपूरला रेल्वेत होता आणि तिथल्या क्लबात एका म्हाताऱ्या गार्डाकडून सॅक्सोफोन शिकला होता. आम्ही ते वाद्य फक्त वरातीत ऐकलेलं. साथीला त्यानं गावच्याच बँडमधला ढोलवाला घेतला होता.

"आता मी जॅझ वाजवतो," तो म्हणाला.

"जहाज?" मागून कोणीतरी विचारलं आणि सगळे हसले.

पहिला सूर लागला न लागला तोच लाइट गेले. माइक बंद पडला, पण त्यानं वाजवणं थांबवलं नाही. वंदनेसाठी आणलेल्या मेणबत्त्या उरल्या होत्या. बायकांनी त्या पेटवून वेशीच्या ओट्यावर ओळीनं लावल्या. तेवढ्यात पुरुषांतून हाका सुरू झाल्या, "वायरमनभाऊ, पाहा ना जरा!"

पक्कड घरी होती आणि घराची किल्ली माझ्या पदराला. नवरा वाकत वाकत आमच्याकडे आला.

"किल्ली दे."

मी गाठीला हात घातला, पण सोडली नाही. "बसा न थोडे," मी म्हटलं. "हे होऊ द्या."

चारचौघांत त्याच्याशी असं बोलायचं धाडस कुठून आलं, कोण जाणे. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तिथंच, बायकांच्या सतरंजीच्या कडेला बसला.

ते वाजवणं ओळखीच्या वाटेनं जातच नव्हतं. मध्येच हुंदका आल्यासारखं अडायचं, मध्येच ढोलवाल्याची थट्टा करायचं, आणि तोही हसत हसत उत्तर द्यायचा. चंद्र वेशीच्या मागं होता. बुरुजाची नुसती कड उजळली होती.

सासूबाई वळल्या. "काहून रे, बसला काहून? लाइट पाह्य ना."

"फ्यूज तापला असन, माय. थोडा थंडा होऊ दे."

मी पदरात तोंड खुपसून हसले. त्यानं मेणबत्त्यांवरची नजर हलवली नाही. पण सतरंजीवर त्याची बोटं माझ्या बोटांना लागली होती. त्यानं हात काढला नाही, मीही नाही.

वाजवणं संपलं तेव्हा टाळ्या वाजवायच्या की नाही, हेच कोणाला कळेना. मग मागून आवाज आला, "अजून एक होऊ द्या, जहाजवाले!" त्यानं आणखी एक वाजवलं. त्यानंतरच मी किल्ली दिली. लाइट आले, पोरांनी ओरडा केला आणि मी घाईनं बाजूला सरकले.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावरून आला. मी भाजीची पिशवी घेऊन नणंदेला हाक मारत होते. सासूबाई निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "तिले काहून नेतं? त्याले ने. तुमीच दोघं जा."

आम्ही गेलो. वांगी घेतली, कोथिंबीर घेतली, आणि लांबच्या रस्त्यानं परतलो.